दुखऱ्या मनगटाचा हंगाम

दर वर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर आंतरशालेय सामने सुरू झाले कीं एक-दोन विद्यार्थी हात किंवा पाय धरून आमच्याकडे येतात. विचारावें तर ठरीव उत्तर मिळतें, "कांहीं नाहीं सर, खेळूं शकतों." गेल्या वर्षीं अशाच एका मुलाच्या मनगटावरचें प्लास्टर निघून आठ दिवसही झाले नव्हते, तोंच त्यानें कबड्डीच्या अंतिम सामन्यांत उतरण्याची परवानगी मागितली. संघ अडचणींत होता, मुलगा उत्साही होता, आणि आम्हीं परवानगी दिली. ती देण्यांत आमची चूक झाली. मनगट पुन्हां दुखावलें, आणि वार्षिक परीक्षेचे पेपर त्याला लेखनिकाकडून लिहवून घ्यावे लागले. त्याच्या वडिलांनीं आम्हांला दोष दिला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "सर, आतां ह्याला पुन्हां खेळूं द्यावें कीं नाहीं, आणि द्यावें तर केव्हां?" त्या वेळीं आम्हांला नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें त्या प्रश्नाचा विचार करीत असतां अर्जेंटिना देशांतील एका धंदेवाईक टेनिसपटूचें सन २०१६ चें वर्ष आम्हांला वारंवार आठवूं लागलें. त्याचीच हकीकत आज वाचकांपुढें मांडीत आहों.

हा खेळाडू म्हणजे हुआन मार्तिन देल पोत्रो. त्याचा जन्म २३ सप्टेंबर १९८८ रोजीं ब्वेनोस आयरिस प्रांतांतील टांडिल या गांवीं झाला. गांव टेकड्यांच्या कुशींत वसलेला असून तेथून टेनिसचे कित्येक नामांकित खेळाडू निघाले आहेत. देल पोत्रोची उंची सुमारें साडेसहा फूट. म्हणून त्याला 'टांडिलचा बुरूज' असें कौतुकाचें नांव मिळालें. सन २००९ मध्यें, वयाचीं एकवीस वर्षें पुरीं होण्याच्या आधींच, त्यानें अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. उपांत्य सामन्यांत राफाएल नदाल आणि अंतिम सामन्यांत रॉजर फेडरर या दोघांना त्यानें पाठोपाठ हरविलें. फेडररनें ती स्पर्धा त्यापूर्वीं लागोपाठ पांच वर्षें जिंकलेली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे या यशाची थोरवी कळेल. त्याचा उजव्या हाताचा फटका, ज्याला फोरहँड म्हणतात, इतका जोरकस होता कीं चेंडू रॅकेटवरून सुटल्याचा आवाज प्रेक्षकांना वेगळा ओळखूं येत असे.

पुढल्याच वर्षीं त्याच्या उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया करावी लागली, आणि जवळजवळ सबंध हंगाम वायां गेला. त्यांतून तो सावरला. २०१२ सालीं लंडन येथील ऑलिंपिकमध्यें त्यानें कांस्यपदक मिळविलें, आणि २०१३ सालीं विंबल्डनच्या उपांत्य फेरींत मजल मारली. परंतु त्यानंतर जें दुखणें आलें, तें दुसऱ्या, म्हणजे डाव्या मनगटाचें.

येथें वाचकांना शंका येईल कीं जो उजव्या हातानें खेळतो, त्याला डाव्या मनगटाचें एवढें काय? याचें उत्तर समजण्यासाठीं विद्यार्थ्यांनीं आपलें डावें मनगट उजव्या हाताच्या बोटांत धरून डाव्या हाताचीं बोटें एकामागून एक हालवावीं. बोटें हालतात, परंतु हालचाल कोपराच्या बाजूला, हाताच्या मांसल भागांत जाणवते. बोटांना ओढणारे बहुतेक स्नायू तेथें असतात, आणि त्यांच्या बळकट दोऱ्या, ज्यांना कंडरा म्हणतात, मनगटावरून पुढें जाऊन बोटांना मिळतात. जणूं कळसूत्री बाहुलीचे दोरे. मनगट हें एकच हाड नसून आठ लहान हाडांच्या दोन ओळी तेथें एकमेकींना लागून असतात. त्या हाडांना जागच्या जागीं धरून ठेवणारे बंध वेगळेच. एवढ्याशा जागेंत इतकीं माणसें दाटीवाटीनें राहिलीं, तर एकाच्या भांडणाचा त्रास सर्वांना व्हायचाच. त्यांतून कंडरेला रक्ताचा पुरवठा स्नायूच्या मानानें कमी असल्यामुळें ती सावकाश भरून येते. बाहेरून कातडी बरी दिसते, सूज उतरते, आणि मनुष्य समजतो कीं आपण बरे झालों. आमच्या त्या विद्यार्थ्याचेंही असेंच झालें होतें, आणि आमचेंही.

आतां टेनिसविषयीं. उजव्या हाताच्या खेळाडूच्या डाव्या अंगाला चेंडू आला, तर तो जो फटका मारतो त्याला बॅकहँड म्हणतात. देल पोत्रो तो दोन्हीं हातांनीं मारीत असे. अशा फटक्यांत उजवा हात रॅकेटला वाट दाखवितो, आणि पुष्कळसा जोर डावा हात देतो. चेंडू रॅकेटवर आदळण्याच्या क्षणीं डावें मनगट मागें वळलेलें असतें, आणि तेथून तें झटक्यानें पुढें येतें. एका सामन्यांत हें शेंकडों वेळां घडतें. म्हणून उजव्या हाताचा खेळाडू डाव्या मनगटानें अर्धा लुळा होऊं शकतो.

मार्च २०१४ मध्यें त्या मनगटावर पहिली शस्त्रक्रिया झाली. जानेवारी २०१५ मध्यें तो सिडनीच्या स्पर्धेंत उतरला. वेदना परतल्या, आणि त्याच महिन्यांत दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. दोनच महिन्यांनीं, मार्चमध्यें, तो मायामी येथें पुन्हां खेळून पाहता झाला. तेंही साधलें नाहीं, आणि जूनमध्यें तिसरी शस्त्रक्रिया झाली. टेनिस सोडण्याच्या अगदीं कांठावर आपण उभे होतों, असें त्यानें पुढें उघडपणें सांगितलें आहे. जागतिक क्रमवारींत जो एके काळीं चौथा होता, तो हजाराच्या पलीकडे गेला. आमच्या मतें या दोन फसलेल्या प्रयत्नांकडे कथाकार फार लवकर पाठ फिरवितात. पुढचें यश सांगण्याची त्यांना घाई असते. परंतु हे दोन प्रयत्न घाईचे होते, आणि तिसरा नव्हता; सगळें मर्म या फरकांत आहे.

जूनमधील शस्त्रक्रियेनंतर आठ महिने तो स्पर्धांपासून दूर राहिला. फेब्रुवारी २०१६ मध्यें अमेरिकेतील फ्लोरिडा संस्थानांत डेलरे बीच येथील एका लहानशा स्पर्धेंत तो उतरला, तेव्हां जुन्या प्रेक्षकांना चमत्कारिक दृश्य दिसलें. उजवा फटका पूर्वींचाच होता. पण डाव्या अंगाला चेंडू आला कीं तो दोन्हीं हातांनीं जोराचा फटका क्वचितच मारी. त्याऐवजीं एका हातानें, रॅकेट वरून खालीं ओढून, चेंडू कापल्यासारखा परतवी. ह्याला स्लाइस म्हणतात. चेंडूला उलटी गिरकी मिळते, तो हळूं जातो आणि टप्पा पडल्यावर जमिनीलगत सरपटतो. यानें प्रतिस्पर्धी वांकतो खरा, पण घायाळ होत नाहीं. उलट त्याला पुढचा फटका ठरविण्यास सवड मिळते. प्रतिस्पर्धी कांहीं दुधखुळे नव्हते. सर्वांनीं त्याच्या डाव्या बाजूवरच मारा चालविला. तेव्हां तो पाय उचलून त्या बाजूला धांवे, आणि जेथें बॅकहँड मारावयाचा तेथें वळसा घेऊन फोरहँड मारी. यासाठीं पायांना दुप्पट काम पडलें, आणि उजवीकडची जागा उघडी राहूं लागली. पैलवानानें एक हात पाठीशीं बांधून कुस्ती खेळावी, तसा हा प्रकार होता. तरीही त्या स्पर्धेंत तो उपांत्य फेरीपर्यंत पोंचला.

मोठ्या स्पर्धांचा त्यानें हव्यास धरला नाहीं. मे महिन्यांतील फ्रेंच स्पर्धा त्यानें सोडून दिली. दीर्घ दुखण्यामुळें दूर राहिलेल्या खेळाडूला आपल्या जुन्या क्रमांकाच्या आधारावर थोड्या स्पर्धांत प्रवेश घेतां यावा असा टेनिसमध्यें नियम आहे. त्याच्या योगें तो जुलैच्या सुमारास विंबल्डनला उतरला. दोन वर्षांहून अधिक काळानंतरची ती त्याची पहिली मोठी स्पर्धा. तेथें दुसऱ्या फेरींत त्यानें चौथें मानांकन असलेल्या स्टॅन वावरिंकाला हरविलें.

नंतर ऑगस्ट महिना आला, आणि रिओ दि जानेरोचें ऑलिंपिक. चिठ्ठ्या निघाल्या त्यांत पहिलाच सामना नोव्हाक जोकोविचशीं पडला. जोकोविच त्या वेळीं जगांत पहिला होता, देल पोत्रो १४१ वा. सामन्याच्या दिवशीं सकाळीं देल पोत्रो खेळाडूंच्या वसाहतींत उद्वाहकांत, म्हणजे लिफ्टमध्यें, अडकून पडला, आणि सुमारें चाळीस मिनिटांनीं त्याच्याच देशाच्या हँडबॉलपटूंनीं त्याला बाहेर काढलें. रात्रीं त्यानें जोकोविचला ७-६, ७-६ असें हरविलें. सामना संपल्यावर दोघे जाळ्यापाशीं एकमेकांना बिलगले, आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतें. उपांत्य सामन्यांत पहिला सेट गमावूनही त्यानें नदालला ५-७, ६-४, ७-६ असें जिंकलें. अंतिम सामन्यांत चार तासांहून अधिक झुंज देऊन तो अँडी मरेकडून हरला आणि रौप्यपदकाचा मानकरी झाला.

परंतु आमच्या मनांत जी गोष्ट अधिक भरली ती पदकाची नसून डेव्हिस चषकाची आहे. १९०० सालीं सुरू झालेली ही देशादेशांमधील स्पर्धा अर्जेंटिनानें कधींच जिंकली नव्हती. १९८१, २००६, २००८ आणि २०११ असे चार वेळां तो देश अंतिम फेरींत हरला होता, आणि त्यांपैकीं शेवटच्या दोन पराभवांत देल पोत्रो स्वतः संघांत होता. असें ऋण डोक्यावर असतां मनुष्य आंधळेपणानें उडी घेतो. २०१६ मध्यें त्यानें काय केलें तें पाहा. मार्चमध्यें पोलंडविरुद्ध तो खेळलाच नाहीं. जुलैंत इटलीविरुद्ध फक्त दुहेरीचा सामना खेळला, कारण दुहेरींत निम्मे कोर्ट सोबत्याकडे असतें. सप्टेंबरांत ग्लासगो येथें ग्रेट ब्रिटनविरुद्ध पहिल्या दिवशीं त्यानें मरेला पांच तास सात मिनिटांच्या सामन्यांत हरविलें, आणि दुसऱ्या दिवशीं तो दुहेरी खेळला. तिसऱ्या दिवशीं बरोबरी झाली आणि सारें कांहीं शेवटच्या सामन्यावर येऊन ठेपलें. तेव्हां तो बांकावर बसून राहिला! त्याच्या जागीं लिओनार्दो मायर उतरला, आणि मायरनें सामना जिंकला. ज्या खेळाडूच्या नांवाचा घोष चालला आहे, त्यानें अशा घटकेला बसून राहणें हें आम्हांला मरेवरील विजयाइतकेंच मोठें वाटतें. आमच्या शाळेंतील कोणता कप्तान असा बसेल? आणि खरें बोलावयाचें तर, कोणता शिक्षक त्याला बसूं देईल?

नोव्हेंबरच्या अखेरीस क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथें अंतिम लढत झाली. दोन दिवसांच्या खेळानंतर अर्जेंटिना १-२ असा मागें होता. रविवारीं देल पोत्रोची गांठ मारिन चिलिचशीं पडली. हरला असता तर चषक तेथेंच गेला असता. पहिले दोन सेट त्यानें गमावले. सामना चालू असतांच डाव्या हाताची करंगळी मोडली. म्हणजे ज्या हाताच्या मनगटावर तीन वेळां सुरी फिरली, त्याच हातावर हा नवा घाव. त्यानंतर त्यानें पुढचे तीनही सेट जिंकले. अंक होते ६-७, २-६, ७-५, ६-४, ६-३. या सामन्यांत त्यानें सबंध वर्षभर राखून ठेवलेला दोन हातांचा बॅकहँडही अधूनमधून निर्धास्तपणें मारला. मग फेदेरिको देल्बोनिसनें इव्हो कार्लोविचला सरळ तीन सेटमध्यें हरवून चषक मिळविला. हजाराच्या पलीकडून निघालेला देल पोत्रो वर्षाअखेर अडतिसावा होता.

येथें कोणी पालक विचारतील, कीं मोडक्या करंगळीनें खेळला, त्याचें काय? त्याला तुम्ही शहाणपण म्हणतां काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही एवढेंच म्हणूं कीं तो अठ्ठावीस वर्षांचा, आपल्या शरीराचा हिशेब स्वतः जाणणारा, धंद्यानें खेळाडू होता, आणि पुढें बरेच दिवस विश्रांति होती. चौदा वर्षांच्या मुलाचीं हाडें अजून वाढत असतात, आणि त्याच्या हातांत परीक्षेची लेखणीही असते. त्याच्यासाठीं हा दाखला नाहीं. दाखला मार्च ते सप्टेंबरचा आहे.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण ती लपविणें बरें नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्यें तो जगांत तिसरा झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत शांघायला पडून त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली, आणि जून २०१९ मध्यें लंडनला तीच पुन्हां फुटली. मनगटाच्या पुनरागमनाचा या अपघाताशीं संबंध जोडणें आम्हांला योग्य वाटत नाहीं. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, पण गुडघा मनगटासारखा वश झाला नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें ब्वेनोस आयरिस येथें तो शेवटचा स्पर्धेंतला सामना खेळला. समोर होता झाग्रेबचा सोबती देल्बोनिस. हरल्यावर त्यानें डोक्याची पट्टी सोडून जाळ्यावर ठेवली. १ डिसेंबर २०२४ रोजीं त्याच शहरांत जोकोविच त्याच्या निरोपाचा प्रदर्शनीय सामना खेळावयास आला. त्याच्या थोडे दिवस आधीं देल पोत्रोनें सांगितलें होतें कीं जिना चढतांनाही आपला गुडघा दुखतो.

आमचा तो विद्यार्थी सध्यां संघाचे गुण लिहिण्याचें काम करतो. डॉक्टरांनीं त्याला जूनपर्यंत थांबावयास सांगितलें आहे. परवां त्यानें विचारलें, "सर, जूनमध्यें नक्की ना?" आम्हीं सांगितलें कीं आधीं दुहेरी. कबड्डींत दुहेरी नसते हें त्याला आणि आम्हांलाही ठाऊक होतें. पण तो हंसला, आणि वही घेऊन रेघेपाशीं जाऊन बसला.