द्राक्षांचा समुद्रप्रवास

गोडी छाटणी झाली, की नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांत वर्षातील सर्वांत कष्टाचे दिवस सुरू होतात. वेलींना नवी पालवी फुटते आणि तिच्यातून कोवळे घड डोकावू लागतात. बागायतदार त्यांची विरळणी करतो, रोगांपासून त्यांना जपतो. अवकाळी पावसाचे ढग दिसले, की त्याची झोप उडते. माघ-फाल्गुनात मणी रसाने भरून येतात. त्या वेळी युरोपात हिवाळा सरत असतो व तेथील द्राक्षवेली पर्णहीन असतात. साहजिकच तेथील बाजारपेठांत आपल्या द्राक्षांना मागणी असते.

परंतु नाशिक कोठे आणि नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदर कोठे! द्राक्ष हे मोठे नाजूक फळ. त्याला ऊन लागले, तर देठ सुकतो आणि मणी गळू लागतात. म्हणून सकाळच्या गारव्यात घड खुडतात, निवडून पेट्यांत भरतात आणि काही तासांतच थंड करतात. पुढे शून्य अंशाच्या आसपास थंडावा राखणाऱ्या कंटेनरमधून ते मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात पोहोचतात. तेथून सुएझ कालव्याच्या मार्गाने युरोप सुमारे तीन आठवड्यांच्या अंतरावर आहे. २०२४ साली तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक बोटींना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, तेव्हा हा प्रवास आणखी लांबला.

दोन-तीन एकरांच्या धन्याला हे सारे एकट्याने कसे साधावे? शेतमालाच्या निर्यातीस हातभार लागावा, म्हणून केंद्र सरकारने १९८६ साली ‘अपेडा’ हे प्राधिकरण स्थापन केले. माल निवडून भरण्याची केंद्रे व शीतगृहे उभारण्यास ते अर्थसाहाय्य करते. १९९१ साली महाराष्ट्रातील बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ ही संस्था उभी केली. तिच्या उभारणीस राज्याच्या कृषी पणन मंडळाचेही साहाय्य लाभले. जे एकट्याला अशक्य होते, ते अनेकांना मिळून शक्य झाले.

तथापि केवळ पैशाने परदेशचा बाजार मिळत नाही. तेथे विश्वास लागतो. द्राक्षांवर फवारलेल्या औषधाचा अंश फळात किती उरला आहे, हे युरोपात काटेकोरपणे पाहिले जाते. अनेक औषधांची मर्यादा तर १ किलो द्राक्षांत १ मिलिग्रॅमचा अवघा शंभरावा भाग एवढीच आहे. हा अंश डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही कळत नाही. मग दूरदेशीच्या गिऱ्हाइकाने अनोळखी शेतकऱ्याच्या मालावर विश्वास तरी कसा ठेवावा?

यासाठी २००६ साली ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था सुरू झाली. निर्यात करू इच्छिणारा शेतकरी आपल्या बागेची नोंद कृषी खात्याकडे करतो. त्या बागेला एक क्रमांक मिळतो. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे लोक बागेत येऊन नमुना घेतात. त्यात औषधाचा अंश मर्यादेबाहेर आढळला, तर त्या बागेची द्राक्षे युरोपला पाठवता येत नाहीत. पुण्याजवळ मांजरी येथे असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासणीला शास्त्रीय मार्गदर्शन करते. रॉटरडॅममध्ये उघडलेली पेटी कोणत्या गावच्या कोणत्या बागेतून आली, हे त्या क्रमांकावरून शोधता येते.

२०१० साली या व्यवस्थेची कसोटी लागली. वेलींची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे युरोपात आढळले. तपासणीच्या यादीत त्या रसायनाचे नावच नव्हते! माल अडकून पडला. निर्यातदारांना मोठा तोटा सोसावा लागला आणि वर्षभर घाम गाळलेल्या शेतकऱ्यांचे पैसे थकले. पण कोणी हातपाय गाळून बसले नाही. ते रसायन यादीत घातले गेले, त्याच्या तपासणीची सोय झाली आणि शेतकऱ्यांना त्याबाबत सावध करण्यात आले. पुढील वर्षांत आपली द्राक्षे पुन्हा युरोपच्या बाजारात मानाने जाऊ लागली.

या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट झाली. सरकार वाट दाखवते, परीक्षा घेते, अडचणीत हात देते. परंतु फवारणीचा पंप शेतकऱ्याच्याच हाती असतो. एका बागेतील निष्काळजीपणाची झळ शेकडो बागांना लागते आणि एका बागेतील सचोटीचा लाभ सर्वांना मिळतो. द्राक्षाच्या पेटीवरील तो लहानसा क्रमांक म्हणजे शेतकऱ्याने सातासमुद्रापलीकडे पाठवलेला आपला शब्दच होय. तो खरा ठरला, तरच पुढच्या वर्षी त्याच्या द्राक्षांची वाट पाहिली जाते.

स्वाध्याय

१. खुडलेली द्राक्षे लगेच थंड का करावी लागतात?
२. बागेला दिलेल्या क्रमांकाचा उपयोग कोणता?
३. २०१० साली कोणते संकट आले? त्यातून मार्ग कसा निघाला?
४. ‘हातपाय गाळणे’ व ‘झळ लागणे’ यांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावात पिकणारा कोणता माल बाहेरगावी जातो, याची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवून दहा ओळी लिहा.