मेंदूच्या इजेचे मोजमाप : प्रयोगशाळेतील उंदीर आणि रुग्णालयातील रुग्ण

डोक्याला मार लागलेला रुग्ण रुग्णालयात आणला जातो, तेव्हा इजा मेंदूपर्यंत पोचली आहे काय, हा पहिला प्रश्न असतो. बाहेरची जखम त्याचे उत्तर देत नाही. १९७१ साली लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन काढण्यात आला आणि कवटीच्या आतील रक्तस्राव शस्त्रक्रियेवाचून दिसू लागला. तथापि मेंदूतील चेतातंतूंना बसलेला ताण व त्यांची सूक्ष्म तूट या चित्रात सहसा उमटत नाही.

इजेनंतर मेंदूत तासागणिक काय घडते, याचे ज्ञान मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळाले. भूल दिलेल्या उंदराच्या कवटीला लहानसे छिद्र पाडून द्रवाच्या दाबाचा नेमका धक्का देणे, किंवा ठराविक वेगाच्या दट्ट्याने मेंदूच्या पृष्ठभागावर आघात करणे, या त्यांतील रूढ पद्धती होत. आघात मोजूनमापून देता येतो, हे त्यांचे बळ. मात्र याच काटेकोरपणाने संशोधकांना चकविलेही आहे.

प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. उंदरांमध्ये त्याने मेंदूची सूज कमी होते, असे अनेक प्रयोगांत आढळले होते. पुढे दोन मोठ्या मानवी चाचण्या झाल्या. एकीत ८८२ व दुसरीत १,१९५ रुग्ण होते. डिसेंबर २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा या औषधाचा रुग्णांना लाभ होत नाही, हेच स्पष्ट झाले.

असे का व्हावे? उंदराचा मेंदू सुमारे २ ग्रॅम वजनाचा, गुळगुळीत पृष्ठभागाचा व अल्प श्वेतद्रव्याचा असतो. माणसाचा मेंदू सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅमचा, वळ्यावळ्यांचा. डोके जोराने फिरले की तेथे श्वेतद्रव्यातील लांब तंतू ताणले जातात. उंदरांना आघातापूर्वी भूल दिलेली असते, आणि काही भूलद्रव्ये स्वतःच मेंदूचे थोडेफार रक्षण करतात. रस्त्यावर पडलेल्या माणसाला ती सवलत नसते. त्याहून मूलभूत अडचण अशी की, उंदराची प्रगती चक्रव्यूहातील त्याच्या वाटचालीवरून, तर माणसाची सहा महिन्यांनंतरच्या त्याच्या दैनंदिन वागणुकीवरून ठरविली जाई. मापे निराळी असताना तुलना कशी व्हावी?

दोहोंस लागू पडेल असे माप रक्तात सापडले. मेंदूतील तारकापेशींना आधार देणारे जीएफएपी हे प्रथिन आणि चेतापेशींतील यूसीएच-एल१ हे प्रथिन, पेशींना इजा होताच रक्तात उतरतात. माणसात यूसीएच-एल१ची पातळी सुमारे ८ तासांनी, तर जीएफएपीची सुमारे २० तासांनी कळसास पोचते. म्हणून नमुना केव्हा घेतला, ही नोंद मोजमापाइतकीच महत्त्वाची ठरते. २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या दोन प्रथिनांच्या रक्तचाचणीस, सीटी स्कॅनची गरज ठरविण्यासाठी, परवानगी दिली.

अमेरिकेतील ‘ऑपरेशन ब्रेन ट्रॉमा थेरपी’ या उपक्रमात हीच प्रथिने उंदरांतही मोजण्यात आली. एकाच औषधाची परीक्षा तीन प्रयोगशाळांत तीन प्रकारच्या इजांवर झाली. आघातानंतर २४ तासांनी रक्तात आढळलेली जीएफएपीची पातळी, तीन आठवड्यांनी दिसलेल्या ऊतकहानीशी जुळणारी निघाली. २०१६ साली जाहीर झालेल्या पहिल्या पाच औषधांपैकी लेव्हेटिरासिटाम हे फेफऱ्यावरील परिचित औषध सर्वांत आशादायक ठरले, आणि बहुतेक औषधांचा लाभ एखाद्याच प्रकारच्या इजेपुरता मर्यादित असतो, हेही उघड झाले. प्रोजेस्टेरॉनच्या वेळी असे त्रिस्थळी परीक्षण आधी झाले असते, तर पुष्कळ श्रम वाचले असते.

रक्ताचीही मर्यादा आहे. पाव किलोच्या उंदराच्या अंगात जेमतेम १६ मिलिलिटर रक्त असते. ते वारंवार काढता येत नाही. येथे एमआरआय उपयोगी पडतो. प्राण्याचा जीव न घेता त्याच प्राण्याची प्रतिमा पहिल्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने घेता येते, आणि तंतूंच्या दिशेने पाण्याचे रेणू कसे सरकतात यावरून त्यांची तूट ओळखता येते. माणसाच्या बाबतीतही रक्त व प्रतिमा परस्परांना पूरक ठरतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सीटी स्कॅन निर्दोष आलेले ४५० रुग्ण होते; त्यांपैकी १२० जणांच्या एमआरआयमध्ये इजा आढळली, आणि त्यांच्या रक्तातील जीएफएपी इतरांपेक्षा अधिक होते.