कॉस बेटाचा कुंभ आणि आपली उज्जयिनी

भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात, तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत, कॉस नावाचे एक ग्रीक बेट आहे. पाश्चात्त्य वैद्यकाचा जनक मानला जाणारा हिपोक्रेटिस इ. स. पूर्व ४६० च्या सुमारास येथेच जन्मला. आरोग्यदेवतेच्या मंदिराचे अवशेष, बंदराच्या मुखावरील मध्ययुगीन किल्ला, वाळूचे विस्तीर्ण किनारे आणि द्राक्षांचे मळे पाहावयास आज देशोदेशींचे प्रवासी तेथे जातात. १९३३ च्या भूकंपात तेथील नगर उद्ध्वस्त झाले. मात्र त्यानंतरच्या उत्खननात त्याखालचे प्राचीन नगर उजेडात आले.

या बेटाचे मद्य प्राचीन काळी प्रसिद्ध होते. ते टिकावे म्हणून त्यात समुद्राचे पाणी मिसळीत. दोन जोडकांड्यांचे कान असलेल्या उंच मातीच्या कुंभांतून ते दूरदूर जाई. पुढे इटलीतही तसेच मद्य व तसेच कुंभ होऊ लागले. म्हणून केवळ आकारावरून कुंभाचे गाव ठरत नाही. त्याची माती तपासावी लागते. इटलीतील व्हेसुव्हियस परिसराच्या कुंभांत ज्वालामुखीची काळी रेती आढळते.

आम्ही कोकणीभाषक; समुद्राशी आमचे नाते जन्माचे. उज्जैनच्या मुलांना मात्र समुद्र फार दूरचा वाटतो. तो तसा दूर नव्हता, याला लेखी पुरावा आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात, ‘पेरिप्लस’मध्ये, आपले नगर ‘ओझेने’ या नावाने येते. अकीक, तलम मलमल व जाडेभरडे कापड येथून भडोच बंदरास जाई. मिसर देशातून जुलैच्या सुमारास निघालेली गलबते नैर्ऋत्य वाऱ्याच्या बळावर तेथे पोहोचत आणि इटली, लाओदिकिया व अरबस्तान येथील मद्य, तांबे, कथील, पोवळे उतरवीत. असे भूमध्य सागरी कुंभ देशाच्या अंतर्भागातही पोहोचले. ज्ञानेश्वरीने पावन झालेल्या नेवाशात १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले, तेव्हा त्यांची खापरे सापडली.

ग्रीक लेखकाची आणखी एक नोंद विचार करण्याजोगी आहे. उज्जयिनी ही पूर्वीची राजधानी, असे तो म्हणतो. म्हणजे त्या वेळी राजपीठ हलले होते, तरी माल येथूनच जात होता. नगराचे मोठेपण केवळ सिंहासनावर अवलंबून नसते. विणकर, मणिकार आणि गाडीवान यांच्या कष्टांवरही ते उभे असते, हा बोध आम्हांस यातून होतो.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, गढकालिकेच्या बाजूस फिरावयास गेलात आणि एखादे खापर दिसले, तर ते लाथाडू नका, खिशातही घालू नका. जागेवरच ठेवून शिक्षकांना दाखवा. जागा सुटली की खापराची निम्मी साक्ष नाहीशी होते.