पोरीसाठी पुस्तकं घ्यायला निघालास ना?

लेका, पोरगी दुसरीत गेली, आता तिला गोष्टींची पुस्तकं हवीत म्हणालास. पुण्याची गाडी धरण्याआधी एवढं ऐकून जा.

१. वह्या-गाइडांच्या दुकानात जाता जाता गोष्टीचं पुस्तक उचलू नकोस — त्या बिचाऱ्या दुकानदाराला कंपासपेटीचा भाव पाठ असतो, पुस्तकात काय आहे ते कुठून ठाऊक असणार?

२. अप्पा बळवंत चौकात क्रमिक पुस्तकांच्या गर्दीत अडकू नकोस. तिथलं रसिक साहित्य किंवा बाजीराव रस्त्यावरचं अक्षरधारा गाठ. पोरीचं वय सांगून थांबू नकोस, ती कशाला हसते नि कशाला भिते तेही सांग — जाणता विक्रेता वयाचा नाही, पोराचा अंदाज घेतो. आणि बेधडक विचार, "हे तुम्ही वाचलंय का?"

३. पोरीला बरोबर ने, पण जेवू घालून — भुकेलं पोर पहिलं चकचकीत दिसेल तेच घट्ट धरतं.

४. मधलंच पान काढून दोन ओळी मोठ्यानं वाच. माधुरी पुरंदरे लिहितात नि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांचं ‘राधाचं घर’ असं वाचून बघ — वाक्य तुझ्याच जिभेवर अडखळलं तर रात्री झोपताना वाचून कोण दाखवणार?

५. शेवटी "तात्पर्य" छापलेलं दिसलं की पुस्तक खाली ठेव. मी म्हणते, उपदेश वाढला की गोष्ट उपाशी राहते.

६. ओळखीच्या मुलखातलं आधी घे. मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघून आली की प्राण्यांचं पुस्तक हातात दे, तेव्हाच ते खरं वाटतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर फुरसुंगीचा, हडपसरजवळचा. पण त्याला अजून दोन-तीन वर्षं थांबू दे.

७. तू ‘श्यामची आई’ वाचून रडलास म्हणून तिला आत्ताच रडवायला जाऊ नकोस — १९३५ पासून ते पुस्तक कुठं पळून गेलेलं नाही.

८. खिसा हलका असेल तर नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं बघ, नि बालभारतीचं ‘किशोर’ मासिक लाव. ते १९७१ पासून निघतंय.

९. दुकानात तासभर चाळून, फोनवर भाव बघून रिकाम्या हातानं निघू नकोस. दहा-वीस रुपये जास्त गेले तर जाऊ देत — ते दुकान मिटलं तर पुढच्या खेपेला तुला सांगणार कोण?

१०. तेच पुस्तक रोज मागितलं तर रोज वाच, नि एक पान गाळायची हुशारी करू नकोस — ती पकडणारच.

११. सुट्टीत पाचगणीकडं गेलात तर भिलारला उतरा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत बसून फुकट वाचता येतं. तिला काय आवडतं ते तिथं निवांत कळेल, मग विकत घे.

१२. आणल्यावर पुस्तक कपाटात कुलूपबंद करू नकोस, कोपरे दुमडले तर दुमडू देत. पहिल्या पानावर नाव मात्र तिलाच लिहू दे — तुझं अक्षर अजून तसंच आहे, मी परवाच्या चिठ्ठीत पाहिलं.