सूर नंतर, आधी बैठक बघा

खो-खोच्या व्यावसायिक लीगमध्ये बोली लागत नाही. 2022 साली अल्टिमेट खो-खो सुरू झाली तेव्हा सहा संघांनी ड्राफ्टमध्ये आळीपाळीने खेळाडू उचलले. श्रेणी आधीच ठरलेल्या होत्या आणि मानधनही ठरलेलं होतं: सर्वात वरच्या श्रेणीला 5 लाख, सर्वात खालच्या श्रेणीला 1 लाख. आपली पाळी आली की यादीतलं एक नाव सांगायचं, एवढंच संघाच्या हातात असतं. सगळं अवलंबून असतं ती यादी कुणी आणि कशी केली यावर. हुपरी, इचलकरंजी, हातकणंगले या पट्ट्यात खो-खो मुरलेला आहे. इथल्या क्रीडा संचालकांना आणि मंडळांच्या प्रशिक्षकांना संघांकडून ‘तुमच्याकडं कोण आहे?’ असा फोन येतोच. हा लेख त्यांच्यासाठी.

यादीची सुरुवात गुणपत्रकापासून होते, पण ते वाचताना सावध राहा. पेपरात छापून येतं, ‘2.10 मिनिटे संरक्षण, 3 गडी’. पहिल्यांदा विचारा, हा खेळाडू कितव्या तुकडीत आत गेला? पहिल्या तुकडीला ताज्या दमाचे आक्रमक अंगावर घ्यावे लागतात. पाळी संपता संपता आत गेलेल्या मुलापुढे ‘नाबाद 40 सेकंद’ लिहिलेलं असेल, तर ते घड्याळाचं कर्तृत्व आहे. गड्यांचंही तसंच. दमून पाय ओढणाऱ्या शेवटच्या संरक्षकाला कुणीही टिपतो.

मग सामना बघायला जा. शिवाजी विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांची मुलं खेळतात, त्यामुळे तिथून सुरुवात करणं सोपं. बसायला जागा खांबामागे घ्या, मधल्या पाटीच्या रेषेत. बाजूच्या मंडपात खुर्ची आणि चहा मिळतो, पण तिथून फक्त वेग दिसतो. खांबामागून दोन्ही बाजू दिसतात आणि बसलेल्या खेळाडूंचे खांदेही दिसतात.

बघायचं ते तिथंच आहे. सामन्यातला बहुतेक वेळ आक्रमक चौकोनात बसलेला असतो. त्याची नजर कुठं आहे? संरक्षक दोन चौकोन दूर असतानाच त्याने कोणत्या पायावर भार घ्यायचा ते ठरवलंय का? खो मिळायच्या आधीच बूड उचलत असेल तर कडक पंचापुढे तो संघाला महागात पडेल. उठल्यावर पहिलं पाऊल कुठं पडतं तेही टिपा, कारण एकदा खांदा वळला की दिशा पक्की झाली. परत फिरलं की फाऊल. चांगला आक्रमक उठताना चुकत नाही. खो देणाराही तितकाच बघा. पाठीमागून, स्पष्ट आवाजात आणि वेळेवर खो देणारा मुलगा पत्रकात कुठंच दिसत नाही. गडी दुसऱ्याच्या नावावर लागतो. अशा मुलाचं नाव मी वहीत ठळक लिहितो.

सूर मात्र सगळ्यांना दिसतो. लीगच्या 2022 च्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजला 46-45 असं हरवलं, ते सूरज लांडेने शेवटच्या क्षणी मारलेल्या सुरामुळे. ती चित्रफीत प्रत्येक पोराने पाहिलीय, त्यामुळे आता जिथं हात पुरतो तिथंही सूर मारतात. हुपरीत चांदी घेणारा लकाकीवर भाव करत नाही, आधी टंच काढतो. सुराचा टंच असा काढा: हुकल्यावर तो किती लवकर उठून पुढचा खो देतो ते मोजा. पडून राहिला, तर तेवढ्यात संरक्षक पलीकडे निघून गेलेला असतो.

वजीर शोधायचा असेल तर काम थोडं अवघड होतं. लीगमध्ये वजिराला कोणत्याही दिशेने धावता येतं आणि कॉलेजच्या सामन्यात ही भूमिकाच नसते. मग नजर खांबावर ठेवा. खांब ओलांडल्यावरच आक्रमकाला दिशा बदलायला मिळते. तिथं वळताना ज्याचा वेग मोडत नाही आणि वळण्याआधीच ज्याला संरक्षक कोणत्या बाजूला निघणार ते कळलेलं असतं, तो वजीर होऊ शकतो.

संरक्षणासाठी दोन स्टॉपवॉच घेऊन जा. एकावर तुकडीचा वेळ. दुसरं फक्त त्या खेळाडूमागे आक्रमक लागलेला असताना चालू ठेवा. समजा, एक मुलगा 2.10 मिनिटे टिकला, पण त्यातली दीड मिनिटं आक्रमक त्याच्या जोडीदारांमागे होते. दुसरा 1.20 मिनिटांत बाद झाला, पण त्यातला जवळजवळ सगळा वेळ तो एकटाच पाठलाग झेलत होता. पत्रकात पहिला मोठा दिसतो. मी दुसऱ्याला वर ठेवीन. लीगमध्ये तुकडीने ठरावीक वेळ काढला की ‘ड्रीम रन’चे गुण मिळतात. त्यामुळे पाठलाग आपल्याकडे ओढून जोडीदारांना श्वास घेऊ देणारा संरक्षक तिथं जास्त उपयोगी.

त्याचा खेळ साखळीचा आहे की रिंगणाचा, हेही लिहून ठेवा. नेहमीचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. लीगचं त्याहून आखूड. लांब रिंगण घेऊन दम खाणाऱ्याला तिथं जागा कमी पडते. बसलेल्यांच्या मधून साखळीत जाणारा, शेवटच्या क्षणी हुलकावणी देणारा टिकतो.

नंतर मॅट. आपली बरीच मुलं मातीवर वाढलेली असतात. मातीत पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्यावरच त्यांची हुलकावणी बेतलेली असते. मॅटवर बूट धरून ठेवतो आणि झटका गुडघ्याला, घोट्याला बसतो. यादी पक्की करण्याआधी त्याला एकदा तरी मॅटवर खेळताना बघा, आणि एक सामना पुरेसा मानू नका. लागोपाठच्या दिवशी तिसरा सामना खेळताना तो कसा दिसतो, त्यावरून बरंच कळतं. जुन्या दुखापती मुलं लपवतात. प्रशिक्षकाला बाजूला घेऊन विचारा आणि मुलाला एका पायावर बसून उठायला सांगा. गुडघा आत वळला तर फिजिओला दाखवल्याशिवाय नाव पुढं पाठवू नका.

आता यादी. सगळी नावं एकाखाली एक लिहिली की ड्राफ्टच्या टेबलावर घोळ होतो. भूमिकेप्रमाणे रकाने करा: वजीर, खांबावरचा आक्रमक, पहिल्या तुकडीचा संरक्षक, अष्टपैलू. प्रत्येक रकान्यात तीन नावं हवीत, कारण पहिलं नाव तुमच्या आधी दुसरा संघ उचलणार. संघाकडे तीन चांगले सूर मारणारे असतील तर चौथा कितीही नावाजलेला असला तरी खाली सरकवा. प्रतीक वाईकरसारखा खेळाडू, ज्याने लीगमध्ये तेलुगू योद्धाजचं आणि जानेवारी 2025 च्या पहिल्या विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं, सगळ्यांनाच माहीत असतो. त्याला शोधायला तुमची गरज नाही. तुमची किंमत खालच्या श्रेणीत ठरते, जिथं कुणी न पाहिलेला मुलगा तुम्ही पाहिलेला असतो.

नाव पाठवण्याआधी घरी जाऊन या. वडील चांदीच्या कारखान्यात असतील आणि पोरगा कॉलेज सुटल्यावर त्यांच्या हाताखाली असेल, तर महिनाभर तो नसणं म्हणजे घरचा एक हात कमी होणं. करारातली रक्कम कधी आणि किती हप्त्यांत मिळणार, दुखापत झाली तर खर्च कुणाचा, हे वडिलांसमोर मराठीत वाचून दाखवा. लीगचा दुसरा हंगाम कटकला 24 डिसेंबर 2023 ते 13 जानेवारी 2024 असा झाला. सत्र परीक्षा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा त्याच सुमाराला येऊ शकतात. परीक्षेचं वेळापत्रक आणि प्राचार्यांचं पत्र यादीसोबत जोडूनच पाठवा.