फर्मवेअरचं ऐक, पण मोजून घे

अगं, कर्नेलमध्ये शिरलीस आणि पहिलंच काम प्रोसेसर ओळखण्याचं हाती आलं, याचा मला फार आनंद झाला. हा कोड थोडका असतो, मशिन सुरू होताना एकदाच चालतो, म्हणून कोणी त्याच्या वाटेला जात नाही. पण इथे मोजणी चुकली की शेड्युलरपासून इंटरप्टपर्यंत सगळ्यांचा हिशेब बिघडतो. मामाचं एवढंच ऐक: फर्मवेअर जे सांगतं तो दावा असतो. प्रोसेसर जागा होऊन हजेरी देईल तेव्हाच तो आहे असं धर.

मुळात फर्मवेअरला विचारावं का लागतं, हे आधी पक्कं कर. मशिन चालू होतं तेव्हा एकच प्रोसेसर कोड चालवत असतो, बाकीचे थांबलेले असतात. त्या एकाला सीपीयूआयडी सूचनेतून स्वतःच्या चिपबद्दल पुष्कळ कळतं, पण शेजारच्या सॉकेटमध्ये कोणी आहे की नाही हे कळत नाही. ते फर्मवेअरला, म्हणजे बायॉस किंवा यूईएफआयला, ठाऊक असतं, आणि ते मेमरीत टेबलं मांडून ठेवतं. जुन्या काळी यासाठी इंटेलचं मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशन होतं, त्याची १.४ ही आवृत्ती १९९७ची. एमआयटीच्या एक्सव्ही-६ या शिकवायच्या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्स-८६ आवृत्ती तेच जुनं टेबल शोधते. तू त्यावर शिकली असशील तर ध्यानात ठेव, आजच्या यूईएफआय मशिनवर ते टेबल बहुधा मिळणारच नाही. आता सगळं एसीपीआय या मानकावर आहे. १९९६च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते आणलं, आणि २०१३पासून ते यूईएफआय फोरमकडे आहे.

टेबलापर्यंत जाण्याची वाट ठरलेली आहे. आधी आरएसडीपी हा पॉइंटर शोधायचा. यूईएफआय असेल तर त्याचा पत्ता सिस्टिम टेबलातून सरळ मिळतो. जुन्या बायॉसवर मात्र एक्स्टेंडेड बायॉस डेटा एरियाचा पहिला केबी आणि पहिल्या एमबीच्या शेवटचे १२८ केबी, हे दर १६ बाइटांवर थांबत चाळावे लागतात. त्याची सही आठ अक्षरांची असते आणि शेवटचं अक्षर ही मोकळी जागा असते. तीही जुळवायची, सात अक्षरांवर समाधान मानायचं नाही. तिथून आरएसडीटी किंवा एक्सएसडीटी ही बाकीच्या टेबलांच्या पत्त्यांची यादी. एक्सएसडीटी असेल तर तीच घे, कारण तिच्यातले पत्ते ६४ बिटांचे असतात. मग एमएडीटी, म्हणजे प्रोसेसरांच्या नोंदी असलेलं टेबल. या टेबलाचं नाव एमएडीटी असलं तरी त्याच्या सहीत ए, पी, आय, सी ही चार अक्षरं असतात. नवी मुलं नेमकी इथे अडकतात. प्रत्येक टप्प्यावर चेकसम कर: सगळ्या बाइटांची बेरीज आठ बिटांत शून्य यायला हवी. आरएसडीपीच्या बाबतीत ही बेरीज पहिल्या २० बाइटांची असते आणि नव्या आवृत्तीत पूर्ण रचनेची वेगळी.

एमएडीटीत पहिले ४४ बाइट सोडले की नोंदी सुरू होतात. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला प्रकार आणि लांबी. प्रकार शून्य म्हणजे नेहमीचा लोकल एपिक (प्रत्येक प्रोसेसरचा स्वतःचा इंटरप्ट नियंत्रक), प्रकार नऊ म्हणजे ३२ बिटांचा आयडी असलेला एक्स-टू-एपिक, प्रकार एक म्हणजे आय-ओ एपिक, आणि पुढे पुष्कळ. ओळखीचा नसलेला प्रकार दिसला की घाबरून थांबू नकोस, लांबीइतकं पुढे सरक. उद्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये नवे प्रकार येणारच. पण सरकण्याआधी लांबी तपास. शून्य लांबीची एक नोंद पुरते, तुझा लूप जागच्या जागी फिरत राहतो, आणि त्या वेळी स्क्रीनवर एक ओळसुद्धा छापायची सोय झालेली नसते. लांबी टेबलाच्या शेवटापलीकडे जात नाही ना, हेही त्याच जागी बघ.

आता खरा गुंता आहे तो खुणांचा. प्रत्येक प्रोसेसरच्या नोंदीत ‘एनेबल्ड’ हा बिट असतो. तो शून्य असला तरी नोंद असते. रेशनकार्डावर नाव आहे म्हणून माणूस आज घरात आहे असं नसतं, तसंच हे. पूर्वी अशा बंद नोंदीचा अर्थ लिनक्स ‘पुढे कधीतरी इथे प्रोसेसर बसवला जाईल’ असा घ्यायचं आणि त्याच्यासाठी जागा राखून ठेवायचं. आठ प्रोसेसरच्या साध्या डेस्कटॉपवर सोळा शक्य आहेत असं दिसायचं ते यामुळे. २०१९च्या एसीपीआय ६.३मध्ये ‘ऑनलाइन केपेबल’ हा दुसरा बिट आला. तोही शून्य असेल तर ती नोंद सोडून द्यायची, इतकं ते स्पष्ट झालं.

पण हा बिट वाचायचा की नाही, हे कशावरून ठरवायचं? ६.३मध्ये एमएडीटीची आवृत्ती पाच झाली, म्हणून लिनक्सने पाच किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर बिट मानायचा असं ठरवलं. वाचायला किती सरळ! अडचण अशी की ६.२च्या एका दुरुस्ती आवृत्तीत तोच आकडा ४५ आहे. पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे, म्हणून ज्या जुन्या टेबलात हा बिट नव्हताच तिथेही कर्नेल तो शोधू लागलं. २०२३मध्ये ते दुरुस्त झालं, आणि आता आवृत्ती एफएडीटी या दुसऱ्या टेबलातल्या मुख्य आणि उप आकड्यांवरून ठरते. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. आवृत्तीचा आकडा वाढतच जातो हे गृहीत धरू नकोस, स्पेसिफिकेशनचं पान उघडून बघ.

आयडींचंही तसंच. एपिक आयडी म्हणजे अनुक्रमांक नव्हे. त्यात सॉकेट, कोर आणि थ्रेड यांना बिटांचे कप्पे दिलेले असतात, त्यामुळे मध्ये भोकं पडतात. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये दोन सॉकेट आणि प्रत्येकी तीन कोर देऊन बघ: ०, १, २, ४, ५, ६ असे आयडी येतात. प्रोसेसर सहा, आणि सर्वात मोठा आयडीही सहा. आयडीलाच अनुक्रम समजून सहा घरांचा अॅरे केलास तर शेवटचा प्रोसेसर दुसऱ्याच्या मेमरीत लिहितो. आपला क्रमांक वेगळा ठेव आणि आयडीशी त्याची सांगड घालणारा तक्ता कर. प्रकार शून्यात २५५ हा आयडी आला तर सोडून दे. एकच आयडी दोन नोंदींत दिसला तर दुसऱ्यांदा मोजू नकोस. क्यूईएमयूला चालू प्रोसेसर दोन आणि कमाल आठ सांगितलेस तर बंद नोंदीही टेबलात येतात. खऱ्या सर्व्हरची वाट न पाहता तुझा कोड त्यावर घासून घेता येतो.

नोंदींच्या क्रमालाही अर्थ आहे. स्पेसिफिकेशन म्हणतं की बूट झालेला प्रोसेसर आधी लिहावा, मग प्रत्येक कोरचा पहिला थ्रेड, आणि दुसरे थ्रेड त्यानंतर. मोजक्याच प्रोसेसरना जागा देणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वाट्याला त्यामुळे पूर्ण कोर येतात. मात्र बूट प्रोसेसर कोणता, हे क्रमावरून ठरवू नकोस. त्याचा एपिक आयडी त्याच्याकडूनच वाचून घे.

यादी झाली की उठवणं. आयएनआयटी पाठवायचा, मग स्टार्टअपचा इंटरप्ट, लागलं तर दुसऱ्यांदा. समोरचा प्रोसेसर पहिल्या एमबीतल्या तू दिलेल्या पानावरून रिअल मोडमध्ये चालू लागतो. तो आला नाही तर किती वेळ थांबायचं याची मर्यादा घाल आणि त्याला वगळून पुढे जा. एका न उठलेल्या कोरसाठी आख्खं मशिन अडकवणं मला कधीच पटलेलं नाही.

एआरएमवर भाषा बदलते: बोर्डावर डिव्हाइस ट्री, सर्व्हरवर तीच एमएडीटी पण जीआयसी या तिथल्या इंटरप्ट नियंत्रकाच्या नोंदींची, आणि उठवायला बहुतेक ठिकाणी पीएससीआय हा फर्मवेअरचा इंटरफेस. सावधपणा तोच.

कुणी ‘माझे कोर कमी दिसतात’ म्हणत आलं, तर आधी लिनक्सच्या सिसएफएसमधल्या पॉसिबल, प्रेझेंट आणि ऑनलाइन या तीन फाइली मागव. आकडे कुठे फुटतात त्यावरून दोष यादीत आहे की उठवण्यात, हे लगेच कळतं. मग बूटच्या ओळीवर प्रोसेसरची मर्यादा घालणारा पर्याय कुणी विसरून ठेवला आहे का ते बघ. अनेक तक्रारी तिथेच मिटतात. त्यानंतर एसीपीआयडम्पने काढलेली मूळ टेबलं माग. स्क्रीनचा फोटो नको. आयएएसएलने उलगडून स्वतः वाच. टेबलच चुकलंय अशी खात्री झाली तर दुरुस्त प्रत इनिटआरडीच्या सुरुवातीला, कॉम्प्रेस न केलेल्या सीपीआयओत घालून चाचणी घेता येते. ओईएम रिव्हिजनचा आकडा वाढवायला विसरू नकोस, नाहीतर कर्नेल तुझी प्रत न घेता जुनीच वापरत राहील.