घंटा लोकांमागे गेली

आजचा शास्त्रपाठ: इब्री 13:1-16



आजच्या भागातलं 14 वं वचन आधी उघडा. इथं आपल्याला कायम टिकणारं नगर नाही, येणाऱ्या नगराकडं आपले डोळे लागलेत, असा त्याचा आशय. मयताच्या वेळी हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते फक्त मरणाबद्दल आहे असं वाटायला लागतं. पण आजूबाजूची वचनं वाचा. पाहुणचार करा, तुरुंगातल्यांची आठवण ठेवा, पैशाचा लोभ धरू नका, चांगलं करायला आणि वाटून घ्यायला विसरू नका. हे सगळं जगण्याबद्दल आहे. नगर टिकणारं नाही, मग जगायचं कसं, हा खरा प्रश्न आहे.

ओल्ड गोव्यातला संत ऑगस्टीनचा मठ पाहिला तेव्हा हा अध्याय मला नव्यानं समजला. बॉम जीझसच्या बॅसिलिकेत गर्दी असते. तिथून थोडं चढून टेकडीवर गेलं की जांभ्या दगडाचा एक उंच, अर्धा तुटलेला मनोरा दिसतो. उंची सुमारे 46 मीटर. भोवती छप्पर नसलेल्या भिंती, आणि जमिनीवर कोरलेल्या थडग्यांच्या शिळा.

ऑगस्टिनियन मठवासी 1572 मध्ये गोव्यात आले. त्यांचं हे चर्च 1602 मध्ये पूर्ण झालं. तेव्हा हे शहर पूर्वेकडच्या पोर्तुगीज सत्तेची राजधानी होतं, व्यापारानं गजबजलेलं. पुढं साथीचे रोग आले, लोक हळूहळू निघून गेले आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याआधीच, 1835 मध्ये, सरकारनं धार्मिक संघ बंद केले आणि मठवाशांना मठ सोडावा लागला. 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं. 1931 मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग पडला. आज हे जागतिक वारसास्थळ आहे, पण तिथं राहणारं कुणी नाही. शहरही गेलं, मठही गेला.

मग उरलं काय? दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, राणी केतेवान. ही जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी. इराणच्या शाह अब्बासनं तिला शिराझमध्ये सुमारे दहा वर्षं कैदेत ठेवलं. विश्वास सोड, असा हुकूम झाला. तिनं नाही म्हटलं आणि 1624 मध्ये तिला हाल करून मारलं. त्या वेळी शिराझमध्ये ऑगस्टिनियन मठवासी होते. त्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यातला काही भाग गोव्याच्या या मठात आणून ठेवला. लक्षात घ्या, केतेवान कॅथलिक नव्हती, ती जॉर्जियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीची होती. तरी त्यांनी तिला परकी मानलं नाही. बांधलेल्यांची आठवण अशी ठेवा की जणू आपणच त्यांच्यासोबत बांधलेले आहोत, हे तिसऱ्या वचनाचं सांगणं त्यांनी खरं करून दाखवलं.

पुढं मठ ढासळला आणि ते अवशेष ढिगाऱ्याखाली गेले. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात हाडं सापडली. हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये डीएनए तपासला आणि त्याचा धागा जॉर्जियाकडं निघाला. 2021 मध्ये भारतानं त्यातला भाग जॉर्जियाला सुपूर्द केला. जवळजवळ चारशे वर्षांनी ती बाई आपल्या माणसांत पोचली.

दुसरी गोष्ट घंटेची. या मनोऱ्यातली मोठी घंटा आधी आग्वादच्या किल्ल्यावर गेली. 1871 मध्ये ती पणजीच्या त्या पांढऱ्या, पायऱ्यापायऱ्यांच्या चर्चवर चढवली. लोक पणजीला गेले होते, घंटाही तिकडं गेली. मनोरा पडला, पण घंटेचा आवाज अजून ऐकू येतो.

आता आपल्याकडं या. साताऱ्या-सांगलीला गाव सोडून जाणं नवं नाही. विटा-आटपाडीची गलाईवाली माणसं देशभर पसरली, माण-खटावची माणसं मुंबईत गेली. आज तुम्ही-आम्ही पुण्यात, हिंजवडीत, ठाण्यात आहोत. गावाकडच्या मंडळीत रविवारी पुढच्या बाकांवर म्हातारी माणसं आणि मागं रिकामे बाक. सणाला गेलं की पोटात कालवतं. आपण गेलो म्हणून मंडळी संपत चाललीय का, असं मला बऱ्याच जणांनी मेसेजवर विचारलंय.

मला वाटतं, इब्रीकरांस पत्र आपल्याला दोन कामं देतं. 15 वं वचन सांगतं, देवाला स्तुतीचा यज्ञ नित्य अर्पण करा. म्हणजे घंटा सोबत न्या. फ्लॅटमध्ये चौघं राहत असाल तर आठवड्यातून एकदा एकत्र वचन वाचा. शेजारच्या खोलीतला पोरगा दुसऱ्या मंडळीचा, कॅथलिक किंवा मेथडिस्ट असला तरी त्याला बोलवा. आणि 16 वं वचन सांगतं, वाटून घ्यायला विसरू नका. मागं राहिलेल्या त्या आजी-आजोबांना फोन करा. कुणाला दवाखान्यात न्यायला माणूस नसेल तर सुट्टी टाकून जा. रिकाम्या बाकाचं दुःख नुसतं स्टेटसला ठेवून त्यांच्या गुडघ्याचं दुखणं कमी होत नाही.

इमारती जपाव्यात, पडझड झाली तर डागडुजी करावी, त्यात चूक काही नाही. पण मठवाशांनी बांधलेलं सगळं पडलं, आणि एका कैदी बाईसाठी त्यांनी केलेलं काम मात्र वाया गेलं नाही.

आज एवढं करा: गावाकडच्या मंडळीतलं एक नाव लिहा आणि झोपायच्या आधी त्यांना फोन लावा.

प्रार्थना: प्रभू, आम्ही घरापासून लांब आहोत, तुझ्यापासून लांब नाही. जिथं आहोत तिथं तुझी स्तुती आमच्या तोंडी राहू दे. ज्यांना मागं ठेवून आलो त्यांना विसरू देऊ नको. आमेन.